पेशीचा पहारा

त्वचेची झालेली पेशी आमरण त्वचेचीच राहावयाची, हे मत जीवशास्त्राने दीर्घकाळ सिद्धान्तासारखे जपले. आणि एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ऑगस्ट वाइसमान या जर्मन पंडिताने तर, गर्भ वाढत असता प्रत्येक पेशीच्या वाट्यास आनुवंशिक ऐवजाचा केवळ एक अंश येतो व उरलेल्यास ती कायमची मुकते, अशी उपपत्ती मांडली. तिला जबर धक्का बसला तो १९६२ साली, जेव्हा ऑक्सफर्ड येथे जॉन गर्डन यांनी बेडकाच्या पिल्लाच्या आतड्यातील पेशीचे केंद्रक, स्वतःचे केंद्रक निकामी केलेल्या अंड्यात घातले आणि त्यातून, फार थोड्या प्रयोगांत का होईना, पोहणारी निकोप पिल्ले निपजली. म्हणजे आनुवंशिक दप्तरातले रुमाल शाबूत होते. त्यांच्या गाठी तेवढ्या घट्ट होत्या.

या गाठी सोडविण्याचा अखत्यार एकट्या अंड्याकडे नाही, हे क्योटोच्या शिन्या यामानाका व काझुतोशी ताकाहाशी यांनी २००६ साली उंदरावर दाखविले. पेशीला मूळ स्थितीत नेऊ शकतील अशा चोवीस जनुकांतून एकेक वगळीत ते चारांवर आले, आणि पुढल्याच वर्षी प्रौढ मनुष्याच्या त्वचेतील पेशीही त्या चारांच्या अंमलाखाली, कोणत्याही प्रकारची पेशी होऊ शकणाऱ्या मूलपेशी झाल्या. परंतु हजारांत एखादीसुद्धा पालटत नसे. शिवाय चारांपैकी सी-मिक हे जनुक कर्करोगाशी निगडित, आणि ती जनुके वाहून नेणारे विषाणू गुणसूत्रांत कायमचे ठाण मांडणारे.

साहजिकच पालटणाऱ्या पेशींचे प्रमाण वाढविण्याकडे संशोधकांचे लक्ष लागले. २००९ साली अनेक प्रयोगशाळांना जवळजवळ एकाच सुमारास आढळले की पी-५३ हे प्रथिन दूर केले असता हे प्रमाण झपाट्याने वाढते. आता हे प्रथिन म्हणजे डीएनएला इजा होताच पेशीचे विभाजन रोखणारे आणि प्रसंगी तिला मृत्यूच्या स्वाधीन करणारे. ते हटताच इजा झालेल्या पेशीही बिनदिक्कत मूलपेशी होऊ लागल्या. या विद्येच्या इतिहासात मला हा क्षण सर्वांत बोधप्रद वाटतो, कारण ज्याला आडकाठी म्हणून दूर सारले तो पहारा होता, आणि सुधारणा कशाला म्हणावे हा प्रश्न येथून पुढे टाळता येण्याजोगा उरला नाही.

पेशी पालटण्याचे पुढील उपाय अधिक सौम्य निघाले: गुणसूत्रांना स्पर्श न करणारा सेंडाई विषाणू, काम होताच आपोआप विघटन पावणारा संदेशवाहक आरएनए, आणि २०२२ साली बीजिंगच्या डंग होंगक्वे यांच्या गटाने मानवी पेशींवर यशस्वी केलेली, बाहेरचे एकही जनुक न घालता निव्वळ रासायनिक द्रव्यांनी साधलेली पद्धत.

तथापि या विद्येची खरी कसोटी मी कोबे येथील प्रसंगात पाहतो. तेथे २०१४ साली मासायो ताकाहाशी यांच्या देखरेखीखाली एका वृद्ध स्त्रीच्या डोळ्यात तिच्याच त्वचेपासून घडविलेल्या दृष्टिपटलपेशींचे रोपण झाले. दुसऱ्या रुग्णाच्या पेशींत मात्र जनुकीय बदल दिसले, तेव्हा ते रोपण तहकूब करण्यात आले. तो निर्णय योग्य होता. २०१७ साली प्रयोग पुन्हा सुरू झाला, तो आधी तपासून साठविलेल्या, दात्याच्या पेशींपासून.