दया की संकोच?

जुलै २०१८ मध्ये गौलीगुड्याच्या जुन्या बसस्थानकाचे ते प्रचंड पत्र्याचे छत कोसळले, त्याच पावसाळ्यातली ही गोष्ट. मराठवाड्यातून आलेली आमची किती पाहुणेमंडळी त्या छताखाली उतरली असतील! माझ्या वहिनी लग्न होऊन नांदेडहून आल्या, त्याही तिथेच उतरल्या होत्या.

वहिनींच्या थोरल्या बहिणीला स्तनाच्या कर्करोगाने नेले होते. म्हणून डॉक्टरांच्या सल्ल्याने वहिनींनी मॅमोग्राफी करून घेतली. दादा हयात नव्हते, मुलगा परदेशी. तेव्हा रिपोर्ट वाचण्याचे काम माझ्याकडे आले. आपल्यासारख्यांच्या घरी स्वयंपाकघरात मराठी, शेजारी तेलुगू, बाजारात दखनी. आजारपण मात्र इंग्रजीतच येते.

रिपोर्टात गाठ नव्हती. पण शेवटी एक ओळ होती : स्तनांतील ऊती दाट आहेत, त्यामुळे लहान गाठ झाकली जाण्याची शक्यता आहे. मी ती ओळ दोनदा वाचली, कागदाची घडी घातली आणि म्हणालो, "वहिनी, सगळे ठीक आहे." त्या देवापुढे साखर ठेवायला गेल्या.

पुढच्या वर्षी त्या पुन्हा तपासणीला गेल्या. या वेळी डॉक्टरीणबाईंनी त्यांना समोर बसवून समजावले आणि विचारले, गेल्या खेपेसही हेच लिहिले होते, कोणी सांगितले नाही का? वहिनी घरी आल्या. रागावल्या नाहीत. एवढेच म्हणाल्या, "भावजी, गोष्ट माझ्या अंगातली. ती तुम्हाला माहीत आणि मला नाही, हे कसं?"

त्या प्रश्नाने मला बरेच दिवस झोप दिली नाही.

आधी ती गोष्ट काय, ते सांगतो. स्तनात चरबी असते, तशाच दुधाच्या ग्रंथी आणि त्यांना धरून ठेवणारे तंतू असतात. क्ष-किरणाच्या चित्रात चरबी काळसर दिसते, ग्रंथी व तंतू पांढरे दिसतात. गाठही पांढरीच दिसते. तांदळातला पांढरा खडा पटकन नजरेस पडत नाही, तसे हे. दाटपणा हाताला कळत नाही, तो चित्रातच दिसतो. डॉक्टर त्याच्या चार पायऱ्या करतात. हा काही रोग नव्हे. चाळिशीपुढच्या जवळजवळ निम्म्या बायका वरच्या दोन पायऱ्यांत मोडतात, आणि वय वाढते तसा तो बहुधा कमी होतो.

पण प्रश्न नुसता झाकले जाण्याचा नाही. अमेरिकेतील डॉ. जॉन वुल्फ यांनी १९७६ मध्येच दाखवून दिले होते, की चित्रातील या रचनेचा आणि पुढे होणाऱ्या कर्करोगाचा संबंध आहे. पुढच्या अभ्यासांनी ते पक्के केले. सर्वांत दाट आणि सर्वांत कमी दाट अशा दोन टोकांची तुलना केली, तर धोका चौपट किंवा त्याहूनही अधिक भरतो. मात्र बहुतेक बायका या दोन टोकांच्या मध्ये असतात. त्यामुळे 'चौपट' एवढाच शब्द कोणाच्या कानी घालणे म्हणजे खरे सांगणे नव्हे, घाबरवणे आहे.

माझी सबब नेमकी हीच होती. ज्यावर फारसा इलाज नाही, ते सांगून बाईची झोप का उडवावी? ही सबब केवळ माझीच नव्हती. अमेरिकेत नॅन्सी कॅपेलो नावाच्या बाईंना २००४ मध्ये, मॅमोग्राफी निर्दोष आल्यावर काही आठवड्यांतच, बराच पसरलेला कर्करोग निघाला. आपल्या ऊती दाट आहेत, हे त्यांना तोवर कोणी सांगितलेच नव्हते. त्यांच्या खटपटीने २००९ मध्ये कनेक्टिकट राज्यात हे सांगणे कायद्याने बंधनकारक झाले. सप्टेंबर २०२४ पासून तो नियम त्या सबंध देशाला लागू झाला.

कोणी म्हणेल, तो श्रीमंतांचा देश. खरे आहे. नेदरलँड्समध्ये अतिदाट स्तन असलेल्या बायकांना एमआरआयची जोड दिली, तेव्हा दोन तपासण्यांच्या मधल्या काळात उघड होणारे कर्करोग हजारी पाचावरून अडीचवर आले, असे २०१९ मध्ये प्रसिद्ध झाले. आपल्याकडे एमआरआयचा खर्च किती घरांना झेपेल? पण मुंबईचेही उदाहरण आहे. टाटा रुग्णालयाने १९९८ पासून वस्त्यांतल्या सुमारे दीड लाख बायकांचा अभ्यास केला. त्यांतल्या निम्म्या वस्त्यांत शिकवून तयार केलेल्या सेविका दर दोन वर्षांनी नुसत्या हाताने तपासणी करीत. २०२१ मध्ये निष्कर्ष आला : पन्नाशीपुढच्या बायकांत या रोगाचे मृत्यू जवळजवळ तीस टक्क्यांनी घटले. म्हणजे महागडे यंत्र नसले, तरी करण्यासारखे पुष्कळ असते. मात्र त्यासाठी बाईला आधी ठाऊक हवे, की आपले चित्र निर्दोष आले म्हणून निर्धास्त राहायचे नाही. काही वेगळे जाणवले तर दुसऱ्या चित्राची वाट न बघता दवाखाना गाठायचा.

तेव्हा 'इलाज नाही' ही सबब टिकत नाही. मग मी गप्प का राहिलो? खरे ते सांगतो. वहिनींसमोर 'स्तन' हा शब्द माझ्या तोंडून निघेना. आमच्या घरात 'छातीचा आजार' म्हणत. त्यांची बहीण गेली तेव्हाही तेच म्हटले गेले. मला संकोच वाटला आणि त्या संकोचालाच मी दया असे नाव दिले. दयेत समोरच्याचा विचार असतो. माझ्या गप्प बसण्यात मी फक्त माझी अवघड घटका टाळली होती. शिवाय भाषा येते म्हणून कागद माझ्या हाती आला होता. तो माझ्या मालकीचा झाला नव्हता. दुभाष्याने निरोपातले अर्धे गाळून टाकावे, हा अधिकार त्याला कोणी दिला?

सांगणे म्हणजे कागद पुढे टाकून मोकळे होणेही नव्हे. अर्थ सांगावा लागतो, विचारतील तितक्या वेळा सांगावा लागतो, आणि पुढे काय करायचे ते ज्याचे त्याने ठरवेपर्यंत जवळ बसावे लागते.

वहिनींनी ठरवले. मॅमोग्राफीबरोबर त्या डॉक्टरांच्या सल्ल्याने सोनोग्राफीही करून घेतात. आजवर काही निघालेले नाही. उद्याचे कोणी सांगावे? रिपोर्ट आला की मी ओळ वाचतो, मराठीत सांगतो, त्या वहीत लिहून घेतात. पहिल्या खेपेस मी शब्दापाशी अडलो, तेव्हा त्याच हसून म्हणाल्या, "म्हणा की भावजी. मी काय लहान आहे?"