देवमासा आणि अर्पणाची मोजणी

शब्बाथशाळेत योनाची गोष्ट सांगताना शिक्षक फळ्यावर देवमासा काढतात. शास्त्रात केवळ मोठा मासा असे म्हटले आहे. देवमासा हे नाव आपल्या मराठीचे. नावात देव असूनही माणसाने मात्र त्याला बेवारशी मालाप्रमाणे वागवले.

शिकारीला आळा घालावा म्हणून 1946 साली वॉशिंग्टन येथे 15 राष्ट्रांनी करार केला. परंतु दक्षिण ध्रुवाकडील समुद्रात एका हंगामात एकंदर किती मारायचे एवढेच ठरले. कोणाच्या वाट्याला किती, हे प्रारंभी ठरले नाही. म्हणून हंगाम उघडताच जहाजांची शर्यत लागे. आपण सोडला तर दुसरा मारील, असे प्रत्येकाला वाटे. अखेर तेथील निळ्या देवमाशांपैकी शंभरांत एकही उरला नाही.

त्याहून वाईट गोष्ट 1993 साली रशियन शास्त्रज्ञ आलेक्सेय याब्लोकोव्ह यांनी उघडकीस आणली. सोव्हिएत जहाजे अनेक वर्षे बेकायदा शिकार करून खोटे आकडे कळवीत होती. ज्या अरबी समुद्राच्या लाटा गोव्याच्या किनाऱ्यावर येतात, त्याच समुद्रात, मुख्यतः 1966 च्या नोव्हेंबरात, त्यांनी 242 हंपबॅक देवमासे मारले होते.

मग प्रश्न असा, की दुसरा वचन पाळील याची खात्री नसता मी ते का पाळावे? कोणी म्हणेल, विवेकबुद्धी शुद्ध असली की पुरे, तपासणी कशाला? पण पौलाकडे पाहा. यरुशलेमेतील गरिबांसाठी जमलेली वर्गणी नेताना त्याने इतर विश्वासू बांधव बरोबर घेतले, यासाठी की देवासमोरच नव्हे तर माणसांसमोरही व्यवहार निर्दोष दिसावा. त्याचा विवेक दुबळा होता काय? मुळीच नाही. आपल्या मंडळीतही अर्पण दोघे मिळून मोजतात. त्यात खजिनदाराचा अपमान नाही. उलट त्याचे रक्षण आहे, आणि ज्यांच्यासाठी ते अर्पण आहे त्यांचेही.

राष्ट्रांना हे उशिरा उमगले. 1972 पासून परक्या देशाचा निरीक्षक जहाजावर घेण्याची योजना सुरू झाली. सेशेल्स या चिमुकल्या देशाच्या पुढाकाराने 1979 साली हिंदी महासागर देवमाशांसाठी अभयक्षेत्र ठरला. 1982 साली आंतरराष्ट्रीय आयोगाने व्यापारी शिकार थांबवण्याचा निर्णय घेतला व तो 1985-86 च्या हंगामापासून अमलात आला. सर्वांनी तो मानला असे नाही. नॉर्वेने 1993 साली पुन्हा शिकार सुरू केली. जपान 2019 साली आयोगातून बाहेर पडला. तरीही दक्षिणेकडील समुद्रांत हंपबॅक पुष्कळ वाढले आहेत. अरबी समुद्रातले मात्र अजून फारच थोडे आहेत. खोट्या हिशेबाची भरपाई लवकर होत नसते.

समुद्र देवाचा आहे, असे आपण मुलांना शिकवतो. ज्याचा माल त्याला हिशेब देणे हे कारभाऱ्याचे कामच आहे. आणि जो हिशेब देवाला द्यायचा, तो शेजाऱ्याला दाखवताना आपण का कचरावे? शिक्षकहो, पुन्हा फळ्यावर देवमासा काढाल, तेव्हा मुलांना एवढेही सांगा.