नाव पुकारलं जातं तेव्हा

नांदेडहून लातूरच्या रस्त्याला लागलं, की लोह्याच्या पुढे माळेगाव येतं. मार्गशीर्षात इथे खंडोबाची यात्रा भरते. घोडे, गाढवं, उंट आणि लाल कंधारी जनावरांच्या बाजारासाठी ती लांबलांबपर्यंत ठाऊक आहे. तितकीच तमाशाच्या फडांसाठी आणि लावणी महोत्सवासाठीही. फडात एक गोष्ट पिढ्यान्‌पिढ्या होत आली. कुणी गडी नोट पुढे करतो, बाई ती घेते आणि मग त्याचं नाव, गाव, रक्कम मोठ्याने पुकारली जाते. ही दौलतजादा. पैशाचा माज म्हणून आपण ती निकालात काढतो. पण त्याने घेतलं काय? गाणं तर तंबूतल्या सगळ्यांनाच ऐकू येणार होतं. त्याला हवं होतं ते भर सभेत पुकारलेलं स्वतःचं नाव.

जपानी आयडॉलचे व्हिडिओ आपल्याकडची पोरं रात्री जागून का पाहतात, हे समजून घ्यायला मला हा तंबू फार उपयोगी वाटतो.

आयडॉल म्हणजे कसलेली गायिका नव्हे. गळा बेताचा, नाच अजून शिकणं चालू, वय बहुधा शाळा-कॉलेजचं. 1970 च्या दशकात टीव्हीने ही जात जपानात घराघरांत नेली. 2005 मध्ये यासुशी अकिमोतो यांनी तोक्योच्या अकिहाबारा भागात एकेबी फोर्टीएट हा संच उभा केला तो ‘भेटता येण्याजोगी आयडॉल’ या बोलीवर. थिएटर जेमतेम अडीचशे जणांचं, आणि पहिल्या दिवशी तिकीट काढून आलेले प्रेक्षक सात. पुढे याच संचाच्या सीडीत हस्तांदोलनाची चिठ्ठी मिळू लागली. ठरलेले काही सेकंद आवडत्या मुलीचा हात हातात, दोन शब्द, की पुढचा माणूस. 2009 पासून तर निवडणूकच सुरू झाली. सीडी घ्या, मत द्या, आपल्या मुलीचा क्रमांक वर चढवा. एकेक चाहता एकाच गाण्याच्या ढिगाने सीडी घेऊ लागला. गाणं ऐकायला एक पुरते, बाकीच्या दौलतजादा.

व्हिडिओ हे याच व्यवहाराचं दूरवर पोचणारं रूप. त्यात मुलगी थेट भिंगात बघते, म्हणजे पाहणाऱ्याच्या डोळ्यांत बघते. हजार जणांच्या तंबूत नजर कुणावर पडली याचं भांडण होतं, इथे ती प्रत्येकावर पडते. आणि गाण्याच्या व्हिडिओपेक्षा चाहते चघळतात ते तालमीचे व्हिडिओ: पाऊल चुकणं, रडणं, पुन्हा उभं राहणं. लावणीचा रसिक तयार कलेला दाद देतो. अदा कच्ची असेल तर उठून जातो. आयडॉलच्या चाहत्याला कच्चेपणच हवं असतं, कारण त्यात त्याला काम उरतं. तो पालक होतो, प्रचारक होतो.

लातूरला खासगी क्लाससाठी राहणाऱ्या पोराला हे सांगावं लागत नाही. खोलीत चौघे, भिंतीवर वेळापत्रक, दर आठवड्याला चाचणी आणि यादीतला आपला नंबर. चौकाचौकातल्या फलकांवर मागच्या वर्षीचे गुणवंत हसत असतात. अशा मुलाला क्रमांकासाठी झटणारी, घामाघूम, पण कुणीतरी पाठीशी असलेली मुलगी पाहून काय वाटत असेल? त्याच्या पाठीशी फी भरणारे आहेत. त्याच्या चुकलेल्या पावलाला टाळी वाजवणारं कुणी नाही. या आवडीला निव्वळ चाळा म्हणणाऱ्यांनी त्या खोलीत एक आठवडा काढावा.

आपल्याकडेही हेच दिसतं. नर्तिका गौतमी पाटीलच्या कार्यक्रमांवरून वाद पेटला तेव्हा जुन्याजाणत्या लावणी कलावंतांनी ‘ही लावणी नाही’ असं ठणकावलं. खरंच आहे. पण हात उंचावून मोबाइल धरणारी पोरं लावणी बघायला आलीच नव्हती. ती गौतमीला बघायला आली होती, रीलमध्ये भेटलेली मुलगी समोर आहे याची खात्री करायला. लावणीचा निकष तिथे लावणं म्हणजे यात्रेतल्या घोड्याचं दूध मोजणं.

मला खटकतं ते दुसरंच. आयडॉल सगळ्यांची, म्हणून तिने कुणा एकाचं व्हायचं नाही, असा तिथला दंडक. 2013 मध्ये एकेबीच्या मिनामी मिनेगिशी हिचे एका तरुणाच्या घरून निघतानाचे फोटो मासिकाने छापले. तिने डोकं भादरून, रडत कॅमेऱ्यासमोर माफी मागितली आणि संचाच्याच वाहिनीवरून तो व्हिडिओ जगभर गेला. प्रेम केल्याची माफी! आपल्याला हे परकं वाटू नये. खंडोबाच्या नावाने मुलगी सोडायची, ती मुरळी, तिचं लग्न देवाशीच लागलेलं. तिने वाघ्यासोबत जागरणात गायचं, नाचायचं. अशा देवदासींच्या संरक्षणासाठी मुंबई इलाख्यात 1934 मध्ये कायदा झाला, तेव्हा आपला हा नांदेड-लातूरचा मुलूख निजामाकडे होता. तो कायदा इथे लागू नव्हता. महाराष्ट्राचा देवदासी प्रथा निर्मूलनाचा कायदा 2005 चा, म्हणजे एकेबीच्याच वर्षाचा. अर्थात जपानी मुलगी करारावर सही करून येते, ठरवलं तर बाहेर पडते. मुरळीला ती मुभा नव्हती. हा फरक लहान नाही. पण नाचणारी कुणा एकाची नसावी असा हट्ट दोन्हीकडे पाहणाऱ्यांच्याच सोयीचा. तिच्या सोबतीला कोण आहे हे कळलं, की नाव पुकारून घेण्यातली मजा जाते.

जपानने त्यावरही तोड काढली. 2007 मध्ये हात्सुने मिकू आली: संगणकाने घडवलेला आवाज, दोन बाजूंना बांधलेल्या निळसर-हिरव्या केसांचं चित्र. ती दमत नाही, म्हातारी होत नाही, तिचे फोटो कुणी चोरून काढू शकत नाही. हजारो लोक दिवे हलवत तिच्या मैफली बघतात. 2018 मध्ये तोक्योत एका चाहत्याने तिच्याशी रीतसर समारंभ करून लग्न लावलं. जग त्याला हसलं. मला मात्र मुरळीच्या लग्नापेक्षा हे लग्न बरं वाटलं. यात सोडलेली मुलगी कुणाची नव्हती.