सुटणे, सोडवणे आणि शरण देणे

मराठी इतिहासलेखनात आफ्रिकी माणूस बहुधा सत्तेच्या संदर्भातच अवतरतो. गुलाम म्हणून विकला जाऊन निजामशाहीचा कर्ताधर्ता झालेला मलिक अंबर (मृत्यू १६२६) आणि जंजिऱ्याचे सिद्दी यांच्यापलीकडे ही स्मृती सहसा जात नाही. नाशिकच्या शरणपूरला तिच्यात फारसे स्थान नाही. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास चर्च मिशनरी सोसायटीने तेथे ख्रिस्ती वस्ती वसवली. ब्रिटिश आरमाराने गुलामवाहू गलबतांवरून उतरवून घेतलेली आफ्रिकी मुले तेथे वाढली, लिहिणे-वाचणे आणि हातकामे शिकली. त्यांच्या अनुभवातून उपस्थित होणारा प्रश्न जितका नैतिक, तितकाच भाषिक आहे : स्वातंत्र्य देता येते काय?

मराठीत ‘सुटणे’ आणि ‘सोडवणे’ ही क्रियापदे एकाच धातूच्या कुळातील. परंतु दुसऱ्यात सुटणारा कर्म होतो आणि कर्तृत्व सोडवणाऱ्याकडे जाते. शरणपूरविषयीची मिशनरी कथने या दुसऱ्या क्रियापदातच बोलतात. याओ जमातीत जन्मलेल्या, शरणपूरला शिकलेल्या जेकब वेनराइटचे नावसुद्धा दिलेले होते. लिव्हिंग्स्टनचा १८७३मध्ये मृत्यू झाल्यावर त्याचा देह किनाऱ्यापर्यंत नेणाऱ्या तांड्यात तो होता. त्या प्रवासाची त्याने रोजनिशी लिहिली. लेखणी हाती आली, पण चरित्रविषय लिव्हिंग्स्टनच राहिला. १८७५मध्ये मोंबासाजवळ मुक्त गुलामांची वसाहत स्थापन झाली आणि ‘मुंबईचे आफ्रिकी’ म्हणून ओळखले जाणारे हे शिक्षित तिच्या उभारणीत गुंतले, तेव्हा तिलाही मुंबईच्या माजी गव्हर्नराचे, बार्टल फ्रिअर यांचे, नाव मिळाले : फ्रिअरटाउन.

‘शरण’ या शब्दातच हे द्वैत आहे. आश्रय घेणारा आणि हार पत्करणारा अशा दोघांसाठीही मराठीत ‘शरण येणे’ हाच प्रयोग होतो. तथापि आश्रिताचे कर्तृत्व येथेच संपते असे मानणे हे वाचनाचे दारिद्र्य ठरेल. मोंबासानजीक रबाई येथील मिशनकेंद्र सांभाळणारा विल्यम जोन्स शरणपूरचाच विद्यार्थी. पळून आलेल्या गुलामांना थारा देऊ नये, अशी वरिष्ठांची भूमिका असतानाही रबाईत असे लोक येत राहिले, घरे बांधून, शेती करून राहिले. १८८८मध्ये मालकांनी त्यांच्यावर हक्क सांगितला, तेव्हा मिशनकेंद्रांवरील अशा लोकांची संख्या सुमारे १४०० भरली. ब्रिटिश ईस्ट आफ्रिका कंपनीच्या मॅकेन्झीने मालकांना मोबदला चुकता केला आणि १८८९च्या आरंभी या लोकांना मुक्तिपत्रे मिळाली. जे आधीच सुटले होते, त्यांना पुन्हा सोडवण्यात आले. नुकसानभरपाई मात्र मालकाला!

या मोबदल्याने संभाव्य रक्तपात टळला, आरमारावाचून शरणपूरची मुले वाचलीच नसती, हे नाकारण्याचे कारण नाही. सोडवणाऱ्याचे ऋण खरे आहे. परंतु ऋण म्हणजे स्वातंत्र्याचा उगम नव्हे. बेडी तोडल्याने माणूस गुलामगिरीबाहेर येतो, एवढेच. तो स्वतंत्र होतो तो दुसऱ्याला शरण देण्याचा अधिकार स्वतःकडे घेतो तेव्हा, तोही परवानगीची वाट न पाहता. जोन्सने रबाईत हा अधिकार घेतला. मुक्तिपत्रे नंतर आली. समाज त्याआधीच उभा राहिला होता.