तोच नंबर, तोच टेलिफोन?

वस्तू आतून पालटते, पण तिचे नाव तेच राहते, हा अनुभव संसारात नित्याचा आहे. आणि नाव कायम आहे म्हणजे वस्तूही कायमच असणार, असे मानून स्वस्थ बसणे हा मनुष्यस्वभावही तितकाच नित्याचा. अलीकडे मध्यम स्थितीतील पुष्कळ कुटुंबांत टेलिफोनच्या बाबतीत हाच प्रकार घडत आहे. घरात फायबरची जोडणी येते, तांब्याची जुनी तार निरुपयोगी होते, आणि टेलिफोन मात्र त्याच कोनाड्यात, त्याच नंबराने चालू राहतो. हा केवळ यंत्राचा प्रश्न असता तर त्याविषयी येथे लिहिण्याचे प्रयोजन नव्हते. परंतु त्याच्या पोटी एक नीतीचा प्रश्न दडलेला आहे, असे आम्हांस वाटते.

आमच्या एका पुण्याच्या स्नेह्यांनी पावसाळ्याच्या तोंडी अशी जोडणी घेतली. घरी त्यांच्या वृद्ध मातुःश्री असतात. मोबाइलच्या गुळगुळीत पडद्यावर त्यांचे बोट ठरत नाही. जड रिसीव्हर उचलून बटणे दाबणे मात्र त्यांच्या अंगवळणी पडलेले आहे. "आई, काही बदललं नाही. तुझा टेलिफोन तोच, नंबरही तोच," असे चिरंजीवांनी त्यांस सांगितले. पुढे एका रात्री, मुलगा व सून परगावी गेली असता, वीज गेली आणि बाईंच्या छातीत कळ आली. अंधारात चाचपडत त्यांनी रिसीव्हर कानास लावला, तो मुका. वीज गेली म्हणून तो मुका झाल्याचे त्यांनी आयुष्यात कधी पाहिले नव्हते. दुखणे पित्ताचे निघाले व प्रसंग निभावला. पण पहाटेपर्यंत त्या एकट्याच बसून राहिल्या. "मला वाटलं, माझ्याच हातून काही बिघडलं," एवढेच त्या मागाहून म्हणाल्या. हे वाक्य आमच्या मनातून जात नाही.

असे का व्हावे? तांब्याच्या तारेतून केवळ शब्दच येत नसे. टेलिफोनला लागणारी वीजही तिच्यातूनच येई. एक्स्चेंजात बॅटऱ्यांची रांग असते, तिचा सुमारे ४८ व्होल्टांचा प्रवाह घरोघर पोहोचत असे. म्हणून सारी पेठ काळोखात बुडाली तरी टेलिफोन जागा राही. फायबर म्हणजे काचेचा तंतू. त्यातून प्रकाश वाहतो, वीज वाहत नाही. त्या प्रकाशाचा पुन्हा ध्वनी करण्याचे काम भिंतीवरील लहानशी पेटी करते, टेलिफोन तिलाच जोडलेला असतो, आणि ती पेटी घरच्या विजेवर चालते. सारांश, आणीबाणीच्या वेळेची जी तरतूद आजवर एक्स्चेंज करीत होते, ती आता गृहस्थाच्या माथी आली. आणि आली हे त्याच्या गावीही नाही.

आता चिरंजीव खोटे बोलले काय? अक्षरशः पाहिले तर नाही. यंत्र तेच होते, नंबरही तोच होता. परंतु सत्याचे माप बोलणाऱ्याच्या शब्दांवरून घ्यावयाचे, की ऐकणाऱ्याने त्यावर जो विश्वास टाकला त्यावरून? 'नरो वा कुंजरो वा' या उद्गारात धर्मराजाचे शब्दही निर्दोष होते. तरी त्याचा रथ भूमीस टेकला. धर्मराजास आपण काय करीत आहो हे ठाऊक होते, आमच्या स्नेह्यांस नव्हते, हा भेद मोठा आहे व तो आम्ही विसरत नाही. परंतु आपल्या शब्दावर दुसरे कोणी विसंबणार असेल, तर तो शब्द कशाच्या आधारावर उभा आहे हे पाहण्याचे कर्तव्य अज्ञानाने टळत नाही. ज्यास विचारता आले असते व ज्याने विचारले नाही, त्यास अगदीच निर्दोष कसे म्हणावे?

यावर कोणी म्हणेल की, हा जुन्याचा फाजील मोह आहे. तांब्याच्या तारेचे गोडवे आम्हांसही गावयाचे नाहीत. पावसाळ्यात सांध्यांत पाणी शिरून ती खरखरे, आणि रस्ता खणला की आठवडेच्या आठवडे बंद पडे. काचेस गंज नाही, ओलीची बाधा नाही. ती जोडणी घेण्यात आमच्या स्नेह्यांनी काही चूक केली असे नव्हे. दुसरा कोणी म्हणेल की, घरोघर मोबाइल असता लँडलाइन हवीच कशाला? ज्यांचे डोळे, कान व बोटे शाबूत आहेत त्यांचा हा प्रश्न रास्त आहे. परंतु घरातील सोयीचे माप सर्वांत समर्थ माणसावरून घ्यावयाचे नसते.

इंग्लंडात या कर्तव्यास नियमाचे रूप देण्यात आले आहे. तेथील जुन्या तारा बंद करण्याची मुदत प्रथम डिसेंबर २०२५ ठरली होती. ती २०२४ साली जानेवारी २०२७ पर्यंत वाढविण्यात आली, त्यास एकाकी व आजारी माणसांची काळजी हे एक मोठे कारण होते. जे लँडलाइनवरच अवलंबून आहेत, त्यांस वीज गेल्यावरही निदान एक तास संकटकाळी मदत मागता यावी, असे साधन कंपन्यांनी पुरवावे, असे तेथील नियामक मंडळाने २०१८ सालीच ठरविले होते. आपल्याकडे हे काम तूर्त प्रत्येकाने आपल्या घरी करावयाचे आहे, आणि ते फारसे अवघडही नाही. पुष्कळशा पेट्या १२ व्होल्टांवर चालतात. त्यांस पुरेल अशी लहान बॅटरी बाजारात मिळते. एक्स्चेंज व घर यांमधील मार्गावर बहुधा विजेची गरज नसते, म्हणून घरची पेटी जागी राहिली तर टेलिफोनही बहुधा जागा राहतो. जुना चकतीचा टेलिफोन असेल, तर त्याची भाषा नव्या पेटीस कळते की नाही, हेही पाहून घ्यावे.

परंतु खरी परीक्षा याहून सोपी आहे. एके दिवशी घरातील मुख्य बटण बंद करावे, रिसीव्हर उचलावा, आणि जो त्यावर विसंबून आहे त्याच्याच कानास लावावा. सूर ऐकू आला तर 'टेलिफोन तोच आहे' असे म्हणण्याचा अधिकार आपणांस पोहोचतो. न आला तर निदान तसे स्पष्ट सांगावे, म्हणजे एखाद्या वृद्धेस अंधारात बसून स्वतःस दोष देत राहावे लागणार नाही.

आमच्या स्नेह्यांनी आता बॅटरी बसविली आहे. वीज गेली की मातुःश्री अजूनही एकदा रिसीव्हर उचलून पाहतात. चिरंजीव त्यांस हसत नाहीत, हे आम्हांस फार बरे वाटले.