तयार घर आणि ऋण

मास्तरकीच्या पगारात मी सिमेंटच्या तयार फळ्यांचे दोन खोल्यांचे घर उभारले. आई म्हणाली, "हे विकत आणलेले, बांधलेले नव्हे." घामावाचून घर आपले होत नाही काय?

अमेरिकेत सियर्स कंपनी १९०८ ते १९४० पर्यंत कॅटलॉगातून घरे विकीत असे. पुढे तर कापून आकडे घातलेले लाकूड रेल्वेने येऊ लागले. कित्येक कुटुंबांनी स्वहस्ते खिळे ठोकले. पण १९२९ नंतरच्या मंदीत हप्ते थकले, आणि घाम गाळलेली घरेही गेली.

म्हणून तिसऱ्या खोलीसाठी मी कर्ज काढले नाही. ती खोली आईची होती. आई स्वयंपाकघरात निजते. घर ऋणमुक्त आहे. मी आहे काय?