तोडलेल्या झाडाची आशा



तोडलेल्या झाडाला पुन्हां फुटण्याची आशा असते, तशी मनुष्याला दिसत नाहीं, असें दुःखानें गांजलेला ईयोब म्हणतो (१४:७-१०). साक्री, शिरपूर, चोपडा, यावल या तालुक्यांतील आमच्या वाचकांस झाडाविषयींचें हें म्हणणें समजावून सांगावयास नको. तोडलेल्या सागाच्या बुंध्याला पावसांत धुमारे फुटतात, हें त्यांनीं पाहिलेलेंच आहे. परंतु ती आशा पुष्कळ अंशीं तोडणाऱ्याच्या हातीं असते, याचा विचार आम्ही फारसा करीत नाहीं.

कुऱ्हाड बोथट असली म्हणजे साल फाटते, खोड चिरतें, भेगांत पाणी मुरतें आणि बुंधा कुजतो. बोथट हत्याराला जोर अधिक लागतो, हें उपदेशकाच्या ग्रंथांतही (१०:१०) आहे. म्हणून आधीं पातें घासावें. छेद जमिनीलगत पण किंचित् तिरका असावा, म्हणजे पाणी वाहून जाईल. हें काम पानगळ झाल्यावर, पावसापूर्वीं करावें. पुढें वर्षा-दोन वर्षांनीं जोमाचा एक किंवा दोन धुमारे राखून बाकीचे कोयत्यानें छाटावे; सगळेच राखले तर नुसत्या काठ्या होतात. अंजनाचा पाला गुरांसाठीं उतरवितांना शेंडा सोडावा. कुंपणाकरितां कोंवळें रोप मुळासकट उपटणाऱ्यास मात्र काय म्हणावें! (सरकारी रानांतील सागाला परवानगीवांचून हात लावूं नये, हें आहेच.)

रान सरकारचें, आपण कां राखावें, असें कित्येक म्हणतात. साक्री तालुक्यांतील बारीपाड्याच्या लोकांनीं तसें म्हटलें नाहीं. उजाड झालेलें चारशेंहून अधिक हेक्टर रान त्यांनीं गेल्या शतकाच्या शेवटच्या दशकापासून नियम करून व पहारा ठेवून पुन्हां उभें केलें. त्यांचे पुढारी श्री. चैत्राम पवार यांस २०२५ सालीं पद्मश्री हा सन्मान मिळाला. २००६ च्या वनहक्क कायद्यानें तर सामूहिक वन राखण्याचा अधिकार ग्रामसभांस दिलेला आहे.

तथापि एक गोष्ट आमच्या मनास लागून राहते. कुऱ्हाडबंदी झाली, तर जिची चूल मोळीवरच पेटते त्या विधवेनें काय करावें? शेताचे कोपरे गरिबांसाठीं सोडावे, अशी आज्ञा लेवीयांत (१९:९, १०) आहे. ती रानालाही लागू करावी, असें आम्हांस वाटतें. छाटलेले धुमारे व वाळलेलें लांकूड प्रथम तिला मिळावें. ग्रामसभेंत रानाचे नियम लिहिले जातील, त्या दिवशीं गांवच्या उपदेशक बंधूंनीं हजर राहून ही ओळ त्यांत घालून घ्यावी. ती बाई स्वतः चारचौघांत उठून बोलणार नाहीं.